करंजमाळची सरासरी

पोलादपूरच्या रंजिता मालुसरेला खोटं सोसत नसे, आणि ती चौथीत असतानाच हे तिच्या घरच्यांना कळून चुकलं होतं. त्या वर्षी शाळा तपासायला साहेब आले होते. वर्ग भरलेला दिसावा म्हणून गुरुजींनी शेजारच्या वाडीतली आठ पोरं आणून मधल्या रांगेत बसवली होती. साहेबांनी सहज रंजिताला विचारलं, "काय गं, सगळी रोज येतात ना?" ती उभी राहिली आणि बोट दाखवून म्हणाली, "ही आठ आमची नाहीत." साहेब हसले, चहा पिऊन निघून गेले. मग गुरुजींनी तिच्या हातावर रूळ मोडला.

कशेडी घाटाच्या पायथ्याशी तिच्या वडिलांचं ट्रकची पंक्चरं काढायचं दुकान होतं. संध्याकाळी तिचा सुजलेला हात त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "खरं बोललीस ते बरं केलंस. पण बोट कशाला दाखवायचं?"

पुढे महाडला राहून तिनं डी.एड. केलं. सत्त्याण्णव साली पास झाली आणि घरी बसली. भरती बंद होती. यंदा निघेल, यंदा नक्की निघेल, असं दर जूनला कोणीतरी सांगायचं आणि दर दिवाळीला ते विरून जायचं. बाजारातल्या चार पोरींच्या शिकवण्या घ्यायच्या, आईबरोबर भाकऱ्या थापायच्या, दुकानावर वडिलांचा डबा पोचवायचा. अशी दोन वर्षं गेली.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात पुण्याची एक संशोधन संस्था महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळांचा अभ्यास करायला आली. मुलांना खरोखर काय येतं, हे त्यांना बघायचं होतं. साठ शाळा, दुसरी ते चौथीची मुलं. एक उतारा, दहा शब्द, पाच गणितं. जमलं तर बरोबरची खूण, नाही जमलं तर शून्य. या कामाला इथलीच, डोंगर चढायची सवय असलेली दहा माणसं हवी होती. रंजिताची निवड झाली. तिच्याबरोबर महाडची महरुन्निसा होती. तिचे दोन्ही भाऊ कुवेतला, आणि तीही डी.एड. करून घरात बसलेली. उर्दू शाळा तिच्या वाट्याला आल्या.

महाडच्या एका सभागृहात तीन दिवस प्रशिक्षण झालं. शिकवायला संस्थेच्या प्रमुख कालिंदी मॅडम स्वतः आल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात चालायचे बूट. त्या खुर्चीवर फार वेळ बसत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोर अडखळलं, तुम्हाला दया आली, तुम्ही खूण करून टाकली. काय झालं?"

मग त्यांनीच उत्तर दिलं.

"त्याचं अडलेलं आता कुणालाच दिसणार नाही. सरकारला नाही, त्याच्या आईबापालाही नाही. दया करायची असेल तर घरी करा. इथे शून्याला शून्यच लिहायचं."

बोट दाखवणं हेच काम आहे, असं सांगणारं माणूस रंजिताला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. ते वाक्य तिनं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं.

जानेवारीत ती करंजमाळला गेली. पोलादपूरपासून एस.टी.नं सावरखोंडपर्यंत जायचं आणि तिथून दोन तास उभा चढ. वर सपाटीवर धनगरांची अकरा घरं, नाचणीचे तुकडे, म्हशींचे गोठे, आणि एका बाजूला कौलारू एकखोली शाळा. सतरा पोरं, चार इयत्ता, एक शिक्षक. शिक्षकांचं नाव श्रीपत साळवी. माणूस महाडचा, पण सोमवार ते शनिवार तिथेच राहायचा. शाळेच्या मागच्या पडवीत त्याची चूल आणि खाट होती. रंजितानं तोवर चौदा शाळा पाहिल्या होत्या. त्यांतल्या पाच ठिकाणी गुरुजी दारात भेटले नव्हते, आणि एका ठिकाणी तर पोरांनीच सांगितलं होतं की गुरुजी गुरुवारी येतात. श्रीपत गुरुजींचा सदरा खडूनं पांढरा झालेला होता.

तरी पोरांना वाचता येत नव्हतं.

दुसरीत भागी ढेबे नावाची नऊ वर्षांची पोर होती. उशिरा शाळेत घातलेली, उंच, केसांना तेल नाही, नजर मात्र समोरच्याच्या डोळ्यांत. उतारा आगगाडीच्या प्रवासाचा होता. भागीनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. 'आ' म्हणाली, मग 'ग' म्हणाली, आणि थांबली. पुढचं तिला येईना. रंजितानं घड्याळात तीन मिनिटं मोजली आणि कागद पुढे ओढला. मग गणितं. कागदावरची वजाबाकी भागीला दिसतच नव्हती जणू. रंजितानं सहज विचारलं, "तुमच्या शेळ्या किती गं?"

"त्रेचाळीस. अकरा गाभन हाईत."

"मग गाभण नसलेल्या किती?"

"बत्तीस. त्यातला एक बोकड लंगडतोय," भागी म्हणाली. तिला ही काय विचारायची गोष्ट, असं वाटलं असावं.

पण तक्त्यात तोंडी गणिताला घर नव्हतं. रंजितानं शून्य लिहिलं.

पोरं जेवायला घरी गेल्यावर श्रीपत गुरुजी जवळ आले. माणूस वयानं तिच्या बापाएवढा, पण उभा राहिला विद्यार्थ्यासारखा. "बाई, ती भागी... आत्ता कुठे तिला अक्षरांची ओळख पटतेय. तिचं तेवढं मोकळं ठेवा. मार्चमध्ये या, मी तिच्याकडून उतारा वाचून दाखवतो."

"नाही सर," रंजिता म्हणाली. "आज जे आहे तेच लिहायचं असतं."

गुरुजींनी वाद घातला नाही. आत जाऊन त्यांनी एक वही आणली. मागच्या वर्षी शाळेच्या दिवसांतले किती दिवस ते वर्गाबाहेर होते, त्याची यादी त्यांनी तारखांसह ठेवली होती. मतदार याद्या, पोलिओचे डोस, गुरांची गणना, खालून तांदळाची पोती आणणं, बैठका, बैठकांचे अहवाल. एकूण त्र्याहत्तर दिवस. "मी गेलो की शाळेला कुलूप," ते म्हणाले. "दुसरा माणूस मागतोय सहा वर्षं. हे कुठे लिहिता आलं तर बघा."

रंजितानं ते सगळं तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. तीन कागद भरले. गुरुजी रोज हजर असतात, त्र्याहत्तर दिवस सरकारच त्यांना उचलून नेतं, या शाळेला दुसरा शिक्षक दिला तर पोरं वाचतील. खाली सही केली. उतरताना तिला हलकं वाटत होतं. एका शाळेचं खरं दुखणं आता पुण्यापर्यंत जाणार होतं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर अहवाल आला आणि महाडला त्याच्यावर चर्चासत्र झालं. व्यासपीठावर जिल्ह्याच्या ठिकाणचे एक साहेब होते, कालिंदी मॅडम होत्या, शिक्षक संघटनेचे पुढारी होते. रंजिता आणि महरुन्निसा दारात बसून येणाऱ्यांची नावं लिहून घेत होत्या. मधेच महरुन्निसानं अहवालाची एक प्रत उघडून तिच्या मांडीवर ठेवली.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांत उतारा वाचू शकणारी मुलं सर्वांत कमी होती. करंजमाळच्या ओळीत अठरा टक्के लिहिलं होतं, खालून दुसरा नंबर. शिफारशींत पहिली होती, एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक द्यावा. सातवी होती, जिथे ते शक्य नसेल तिथे अशा शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन कराव्यात आणि मुलांच्या येण्याजाण्याची सोय करावी.

साहेबांनी भाषणात पहिलीचा उल्लेख केला नाही, आणि सातवी शिफारस 'विलीन कराव्यात' इथपर्यंतच वाचली.

संघटनेचे पुढारी उठले आणि पुण्याच्या लोकांनी शिक्षकांची बदनामी मांडली आहे म्हणून टेबलावर हात आपटू लागले. वर्तमानपत्राचा माणूस भराभर लिहू लागला. अर्धा तास नुसता आरडाओरडा चालला. एवढ्या गोंधळात दारात रंजिता उभी राहिली.

"करंजमाळची शाळा मी तपासलीय. तिथले गुरुजी रोज असतात. त्यांना वर्षातले त्र्याहत्तर दिवस दुसऱ्याच कामांना नेलं होतं. शाळा वाईट नाहीय, तिला माणूस कमी आहे."

साहेबांनी चष्मा वर केला. "हे तुमच्या तक्त्यात आहे?"

"मागच्या बाजूला लिहिलंय."

पहिल्या दोन रांगा हसल्या. कालिंदी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माइक जवळ घेतला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "हे गुणात्मक निरीक्षण आहे. त्यावर आपण नंतर स्वतंत्रपणे बोलू." जेवणाची वेळ झाली होती. नंतर कोणी बोललं नाही.

दोन हजार एकच्या जूनमध्ये करंजमाळच्या शाळेला कुलूप लागलं. सतरा पोरांची नावं खालच्या सावरखोंडच्या शाळेत चढवली गेली. श्रीपत गुरुजींची बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. येण्याजाण्याची सोय म्हणजे ती दोन तासांची पायवाट, मधला ओढा आणि करवंदीचं रान.

त्याच जूनमध्ये रंजिताला नेमणूक मिळाली. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढायची, मग कायम. आदेशावर शाळेचं नाव होतं. सावरखोंड. आईनं देवापुढे पेढे ठेवले. पोरगी नोकरीला लागली म्हणून महिनाभरात लग्नही ठरलं.

तिच्याकडे तिसरी-चौथीचा वर्ग होता, आणि हजेरीपटाच्या शेवटी करंजमाळची सात नावं. भागी ढेबे चौथीत आली होती. पहिल्या आठवड्यात वरून सगळ्या वर्गांत मिळून सहा पोरं आली, दुपारी बाराला, गुडघ्यापर्यंत चिखल. गणपतीपर्यंत तीन उरली. तीन मुलगे, ज्यांचे मामा सावरखोंडलाच राहत होते. भागी एकदाही आली नाही.

ऑगस्टअखेर हेडमास्तर कुशाबा मोरे यांनी तिचा हजेरीपट मागवला. सगळीकडे 'ग' 'ग' 'ग' बघून त्यांनी तो मिटला. "मालुसरे बाई, ही नावं गैरहजर लावू नका."

"सर, पण ती येत नाहीत."

"येतील, पाऊस उतरला की. बाई, जरा नीट ऐका. सतत गैरहजर दाखवली की नाव काढावं लागतं. चौदा नावं निघाली की पट घसरतो. पट घसरला की एक शिक्षक कमी होतो. कोण जाणार? शेवटी आलेला." ते वाईट माणूस नव्हते. मुलांसाठी स्वतःच्या परसातली केळी आणायचे. "आणि तुम्ही जाल ते जाल, पोरांचंही नाव जाईल. नाव असलं तर उद्या कधी येऊन बसता तरी येईल."

रंजितानं आणखी दोन दिवस 'ग' लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं भागी ढेबेपुढे 'ह' लिहिलं. नाव राहील, असं तिनं स्वतःला समजावलं. पहिल्या दिवशी हात जड झाला. पंधरा दिवसांनी ती इतर नावांच्या ओघात हे 'ह' लिहून जाऊ लागली. सोप्पं असतं ते, हे तिला तेव्हा कळलं.

दसऱ्याच्या सुट्टीत ती वर गेली. शाळेच्या खोलीत कुणीतरी वैरण भरून ठेवली होती. भागीची आई प्रयागबाई अंगणात नाचणी झोडत होती. तिनं मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा काठी उचलली.

"तूच ना गो ती? पोरांना शून्य देनारी?"

"हो," रंजिता म्हणाली.

"मंग आता काय ऱ्हायलं द्यायचं?"

भागी गोठ्याच्या दारात होती. तिनं एकदा पाहिलं आणि आत गेली.

"पोरीला खाली का नाही पाठवत, प्रयागबाई?"

"कुनासंगं पाठवू? जाताना दोन तास, येताना दोन तास. ओढ्याला पानी. वाटेत डुकरं. पोराला मामा हाय, तो ऱ्हातो तिथंच. माझ्या पोरीला कोन हाय?" प्रयागबाईनं काठी टाकली. "गुर्जी दोन दिस नसायचं, मंग यायचं. पोरं पाटी घेऊन बसायची. भागी घरात येऊन कोळशानं भिताडावर 'भ' काढायची. वाईट का व्हईना, शाळा होती आमची. तुमी आलात, मोजलंत, आन् उचलून नेलीत."

रंजिताकडे एक उपाय होता. सरकारनं वस्तीशाळा नावाची योजना काढली होती. जिथे जवळ शाळा नाही आणि दहा-पंधरा मुलं शाळेबाहेर आहेत, तिथे वाडीतच शाळा, वाडीतलाच बारावी शिकलेला कोणीतरी शिकवायला. करंजमाळला बारावी झालेला एक तरुण मुंबईहून परत आलेला होता. रंजितानं हे प्रयागबाईला समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं.

"म्हंजी परत शाळा भरंल? हितंच?"

"भरेल. अर्ज मी लिहिते."

"लिव मंग. आमी आंगठं देतो." प्रयागबाई घरोघर जाऊन सगळ्यांना बोलावून आली. अकरा घरांचे अंगठे उमटले. जाताना तिनं रंजिताच्या पिशवीत भोपळा घातला. नको म्हणायची सोय नव्हती.

जानेवारीत उत्तर आलं. अर्ज नामंजूर. करंजमाळ येथील सर्व मुले शासकीय अभिलेखानुसार सावरखोंड शाळेत दाखल असून त्यांची सरासरी उपस्थिती शहाऐंशी टक्के आहे. सबब सदर वस्तीवर एकही शाळाबाह्य मूल नाही. सोबत हजेरीपटाची नक्कल जोडलेली होती. चौथीच्या पानाखाली सही होती, र. मालुसरे.

तिनं ते उत्तर तीनदा वाचलं. मग एका दिवसाची रजा टाकली आणि साहेबांना भेटायला गेली. ज्यांनी चर्चासत्रात चष्मा वर केला होता, तेच साहेब. तिनं एका दमात सांगितलं की हजेरी खोटी आहे, पोरं येत नाहीत, ती शाळेबाहेरच आहेत.

साहेबांनी दार लोटून घेतलं. "हजेरी कोणी लावली?"

"मी."

"बरं. मग तसं लेखी द्या. मी कारवाई करतो. तुमच्यावरही होईल, मोऱ्यांवरही होईल. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं आहेत. वस्तीशाळेचा विचार त्यानंतर करू. होईलच असं नाही." ते थांबले. "लेखी द्याल?"

"उद्या देते," रंजिता म्हणाली.

रविवारी दुपारी ती वडिलांच्या दुकानात, ट्यूबच्या पाण्याच्या टपाशेजारी बसून ते लिहू लागली. चार ओळी झाल्या. वडील ट्रकवाल्याशी बोलत टायर फिरवत होते. लग्नाच्या पत्रिका छापून आलेल्या होत्या, त्यांचा गठ्ठा फळीवर होता. तिनं कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. तिसरा घेतलाच नाही.

फेब्रुवारीत प्रयागबाई बाजाराला खाली आली, ती शाळेच्या फाटकाशी थांबली. "काय गो बाय, आमच्या अर्जाचं काय झालं?"

"नाकारला."

"का?"

"कागद कमी पडले," रंजिता म्हणाली.

प्रयागबाईनं मान हलवली. सरकारात कागद कमी पडतात हे तिला पटण्यासारखं होतं. "अजून आंगठं पायजेल असतील तर सांग," एवढं म्हणून ती चढाला लागली. रंजिता वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. पोरांना वाटलं, बाई आता काहीतरी लिहिणार. पोरं वह्या उघडून बसली.

मार्चमध्ये पुण्याच्या संस्थेचा दुसरा फेरा आला. शाळा एकत्र केल्यावर काय फरक पडला, ते बघायला. सावरखोंडला तक्ते घेऊन महरुन्निसा आली. तिला अजून नोकरी लागलेली नव्हती. तिनं पट पाहिला, वर्ग पाहिले. "तीन वर्गांत मिळून पटावर एकेचाळीस. बसलेत एकोणतीस. बाकीची?"

"आजारी आहेत."

"सगळी करंजमाळचीच आजारी?"

रंजितानं पट मिटून घेतला. महरुन्निसानं पेनाचं टोपण काढलं. "हजर आहेत तेवढीच तपासायची, असा नियम आहे. तू मला काय सांगतेयस ते कळतंय मला, रंजिता. पण ते लिहायला या कागदावर जागा नाहीय." थोड्या वेळानं ती म्हणाली, "मागच्या बाजूला लिहू?"

"नको," रंजिता म्हणाली.

एकोणतीस मुलांनी वाचलं. ती सावरखोंडचीच होती, तिच्याच वर्गातली बरीचशी. तिनं त्यांच्यावर मनापासून मेहनत घेतली होती. करंजमाळची जी अडखळली असती, ती वर शेळ्यांमागे होती.

ऑक्टोबरात महाडला पुन्हा चर्चासत्र. पूर्वी करंजमाळला अठरा टक्के मुलं उतारा वाचत होती, एकत्रीकरणानंतर सावरखोंडला बासष्ट टक्के. भिंतीवर मोठा आलेख लावला होता, त्यात सावरखोंडचा खांब हिरवा रंगवलेला. छोट्या शाळा चालू ठेवण्यापेक्षा त्या एकत्र केल्यानं गुणवत्ता वाढते, याचा हा पुरावा. संघटनेच्या पुढाऱ्यांनीही या वेळी टेबल आपटलं नाही. शिक्षकांचं कौतुक होतं ना. साहेबांनी रंजिताला व्यासपीठावर बोलावलं, नारळ आणि गुलाबाचं फूल दिलं, टाळ्या झाल्या. तिच्या नवऱ्यानं फोटो काढून घेतला.

जेवणाच्या वेळी तिनं कालिंदी मॅडमना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. चौदा पोरं येतच नाहीत, ती पटावर आहेत, हजर दाखवली आहेत, ज्यांना येत नव्हतं तीच तपासणीतून गळली म्हणून सरासरी चढली.

मॅडमनी हातातली ताटली कठड्यावर ठेवली. "हे तुम्ही मला पत्रानं का नाही कळवलंत?"

"पहिल्यांदा कळवलं होतं. तीन कागद. तुम्ही वाचले होते?"

"ते संगणकात भरता येत नव्हते," मॅडम म्हणाल्या. "आणि ही हजेरी कोण लावतं?"

"मी लावते."

आतून मठ्ठ्याच्या पेल्यांचा आवाज येत होता. "मी पुढच्या आवृत्तीत टीप टाकते," मॅडम म्हणाल्या. "की अनुपस्थित मुलांचा विचार केलेला नाही." त्यांचा चेहरा उतरला होता, हे रंजिताला दिसलं. त्यांनी शब्द पाळला. टीप आली, पान एकशे बारावर, तळाला, बारीक टायपात. त्या अहवालाच्या आधारानं पुढल्या दोन वर्षांत आणखी कुठे कुठे काय बंद झालं, याचा तपास रंजितानं केला नाही. केला असता तर झोप लागली नसती, असं ती महरुन्निसाला एकदा म्हणाली. महरुन्निसा म्हणाली, "मला तशीही लागत नाही."

तीन वर्षं भरली, रंजिता कायम झाली. मोरे निवृत्त झाले, त्यांना निरोप देताना तिनंच भाषण केलं. मग शाळेचा कार्यभार तिच्याकडे आला. करंजमाळची पोरं हजेरीपटावर दर वर्षी वरच्या वर्गात जात राहिली. एव्हाना हे सगळ्यांनाच माहीत होतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नव्हतं.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये एका सकाळी भागी शाळेत आली. चौदा-पंधराची झाली होती, लुगड्याचा पदर डोक्यावर, गळ्यात काळे मणी. लग्न वैशाखात झालं होतं, कशेडीपलीकडे दिलं होतं. नवऱ्याकडच्यांना घरकुलाच्या यादीत नाव घालायचं होतं, त्यासाठी शाळेचा दाखला हवा होता.

"आय म्हनली, बाईंकडं मिळंल."

रंजितानं रजिस्टर उघडलं. भागीचं नाव सातवीच्या वर्गात होतं, निकालपत्रकात उत्तीर्ण. तिनं कोरा दाखला घेतला आणि निळ्या शाईनं भरायला सुरुवात केली. पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इयत्ता. हात थांबला नाही. खाली मुख्याध्यापक म्हणून सही केली, गोल शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला.

भागीनं तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिला. मग परत टेबलावर ठेवला. "काय लिवलंय, बाई? वाचून दावा."

रंजितानं वाचलं. नाव, जात, जन्मतारीख. "इयत्ता सातवी उत्तीर्ण. अभ्यासातील प्रगती चांगली. वर्तणूक चांगली."

"चांगली?" भागीनं विचारलं.

"चांगली."

"म्हंजी मी पास हाय?"

"हो."

भागी जरा हसली, पण डोळे रंजिताच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. तिनं कागदाची चौकोनी घडी घातली, पदराच्या गाठीत बांधली. अकराची एस.टी. गाठायची होती, नवरा फाटकाबाहेर खोळंबला होता. ती उठली, वाकून रंजिताच्या पायाला हात लावला आणि निघून गेली. रंजितानं रजिस्टर मिटलं. वर्गात पोरं गोंगाट करत होती. ती उठून हजेरी घ्यायला गेली.